ओली पाटी आणि मामाचे पाय

"आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो," मी दुकानाच्या दारातूनच म्हणालो. माझ्या हातात पाटी होती. पाटीवर पिसं होती.

लेक मोजपट्टी बोटांभोवती करकचून गुंडाळत माझ्याकडे बघत राहिली. तिच्या शिवणकामाच्या दुकानाचा आज पहिला दिवस. समोरच्या खुर्चीत शाळेच्या मुख्याध्यापक बाई बसल्या होत्या. सगळ्या शाळेचे गणवेश शिवायचं काम त्या घेऊन आल्या होत्या, पण बिनपाटीच्या दुकानाला कापड द्यायचं नाही असा त्यांचा नियम. उद्या दुकान गायब झालं तर शोधायचं कुठे? काम मिळालं तर वर्षभराची चिंता मिटणार, नाही मिळालं तर नवं मशीन झाकून ठेवायचं. आणि पाटी आणायची जबाबदारी माझ्यावर. पेंटरनं सकाळीच शेवटचा हात मारून बजावलं होतं, "काका, रंग ओला आहे. वाटेत कुठेही थांबू नका."

"बाबा, केव्हा निघालात आणि केव्हा पोचताय?"

"मी वेळेतच पोचलो असतो गं. पण गाडीत तुझा मामा होता."

लेकीनं तोंड उघडलं. बाईंनी हातानंच तिला थांबवलं. "बोलू दे त्यांना. मला ऐकायचंय."

असा श्रोता रोज मिळत नाही. मी पाटी भिंतीला टेकवली.

"बाई, माझ्या मेहुण्याला रस्त्याकडेला पडकं, ओसाड काही दिसलं की अंगात येतं. आधी लागला बंद पडलेला पेट्रोल पंप. 'भाऊजी, पाचच मिनिटं!' म्हटलं, अरे रंग ओला आहे. ऐकतोय कोण? गेला, आणि गंजलेली नळी आमच्याच टाकीत खुपसली. पंपाचा काटा उलटा फिरायला लागला! आमचं पेट्रोल त्यानं गटागटा ओढून घेतलं. इतक्या वर्षांची तहान होती बिचाऱ्याची."

"अरे वा," बाई म्हणाल्या.

"वा कसलं? डोक्याला ताप! पुढे वळणावर किटलीच्या आकाराची सिमेंटची इमारत. दुमजली! कधीकाळी कुणीतरी आत हॉटेल काढलं होतं, आता नुसती धूळ. मागे सरळ दार होतं, पण आमच्या साहेबांना जायचंय तोटीतूनच. अडकले. बाहेर नुसते दोन पाय हलतायत. मी ते धरून असा ओढला, की हा बुचासारखा बाहेर आला आणि वरचं झाकण उडालं. ते अजून खाली पडलेलं नाही."

"एवढं सगळं होईस्तोवर पाटी कुठे होती?" लेकीनं विचारलं. तिनं पिनांच्या डबीतून टाचणी काढून एक पीस उचकटून पाहिलं. पिसाबरोबर रंगही निघाला. तिनं टाचणी खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

"तेच तर सांगतोय! मग आली ओसाड पोल्ट्री. लांबच लांब शेड, अर्धे पत्रे उडालेले. तुझा मामा म्हणे, गाडीत उकाड्यानं रंगाला फोड येतील, पाटी सावलीत ठेवू. आणि नेऊन टेकवली शेडमध्ये. कोंबड्या गेल्या, पिसं तिथंच! तरी मी म्हटलं, बाबा रे, श्वाससुद्धा जपून घे. तर या शहाण्यानं आवाज घुमतो का बघायला टाळी वाजवली."

"आणि तुम्ही काय करत होतात?" बाईंनी विचारलं.

"मी काय करणार? ओरडत होतो! पिसांचा असा ढग उठला की मला माझं नाक दिसेना. खाली बसला तेव्हा पाटी अंडी उबवायला बसल्यासारखी दिसत होती. माझा काही दोष आहे का यात? अशा माणसाबरोबर प्रवास करून दाखवा, मग बोला."

बाई उठल्या. चष्मा लावून पाटीजवळ वाकल्या आणि पिसांमधून एकेक अक्षर वाचलं.

"वाचता येतंय," त्या म्हणाल्या. "पाटी म्हणजे पाटी. सोमवारी मापं घ्यायला ये."

लेकीनं बोटांभोवतीची मोजपट्टी सोडवली.

"फक्त शिवलेले कपडे शाळेत पोचवणार कोण?" बाईंनी विचारलं.

"मामा," लेक ताबडतोब म्हणाली.

आता मात्र मला राहवेना. "अहो बाई, इतकं सांगितलं ते काय पाण्यात गेलं? त्या माणसाच्या हाती गणवेश देणार? वाटेत एखादं पडकं सिनेमाघर लागलं की संपलं! पोरं तशीच बसतील घरी!"

"मामाच येऊ देत," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "मी आल्यापासून ते इथे शिडीवर चढून याच पाटीसाठी भिंतीला भोकं पाडत होते. तुम्ही यायच्या जरा आधीच चहा सांगायला गेलेत. तुमच्या गाडीत तुमच्याशिवाय कुणी नव्हतं, काका."