हिसकावून नेलेली बाज

मी एक जुनी बाज आहे आणि मित्रांनो, मी मनात डूख धरून आहे. म्हातारपणी सगळ्यांना माफ करून टाकावं, असं म्हणतात. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

माझे खूर म्हणजे पाय आणि गाती म्हणजे चौकटीच्या दांड्या एका सुताराने केल्या, पण मला बाजपण दिलं ते दोरवालीने. दोर वळणं हा तिच्या सासरचा धंदा. नवी नवरी असताना सासूने तिच्याकडून मला तीनदा उसवून पुन्हा विणून घेतलं. "ही बाज आहे की मासे धरायचं जाळं?" असं म्हणायची. चौथ्या वेळी सासू माझ्यावर आडवी झाली आणि घोरू लागली. आमच्या घरात शाबासकी अशीच मिळे.

बाजेची वीण पायथ्यापर्यंत जात नाही. तिथे वीतभर जागा सोडून ताणाचा वेगळा दोर ओवतात. बाज सैल पडली की गात्याला पाय लावून तो दोर ओढायचा आणि गाठ मारायची. दोरवाली हे दर आठवड्याला करी, म्हणून मी कधी झोळी झाले नाही.

तिला सातवा महिना सरत आला होता, तेव्हा भूकंप झाला. दोघी सासू-सुना अंगणात दोर वळत होत्या, मीही अंगणातच होते, म्हणून तिघी वाचलो. घर मात्र बसलं. नवरा ट्रक घेऊन नदीपलीकडे गेला होता आणि पूल पडल्यामुळे तिकडेच अडकला. सासूने पुढून आणि शेजारच्या न्हाव्याने मागून मला उचललं. दोरवाली एका हाताने कंबर धरून बाजूने चालत राहिली. अशी आमची वरात गोदामात उघडलेल्या छावणीवर पोहोचली.

छावणीच्या व्यवस्थापकाला लोक नियमसाहेब म्हणत. त्याने मला दारातच अडवलं.

"खाटा आत नाहीत. माणशी एक सतरंजी. सगळ्यांना सारखा नियम."

"साहेब, सून पोटुशी आहे," सासू म्हणाली.

"तसा दाखला आहे?"

"पोट दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसणं वेगळं, दाखला वेगळा. बाज भांडारात जमा करा."

पण भांडार म्हणजे त्याचं स्वतःचं ऑफिस निघालं, मित्रांनो. दुपारचं जेवण झालं की तो माझ्यावर पसरायचा, आणि दाराच्या फटीतून मला दोरवाली दिसायची. ती सिमेंटच्या गार जमिनीवर होती. उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग गुडघ्यावर यायचं, मग सासूने काखेत हात घालून ओढायचं. एकदा दोघी मिळून आदळल्या.

नर्सबाई तिला तपासायला येत. त्यांनी तिच्या सुजलेल्या पायावर बोट दाबलं, तर खळगा भरूनच येईना. त्या तडक ऑफिसात आल्या.

"साहेब, तिचा रक्तदाब चढलाय. अशी उठबस करत राहिली तर दिवस भरायच्या आधीच मोकळी होईल. बाळ जगेल याची खात्री मी देणार नाही. तिची बाज तिला द्या."

"अर्ज ठेवून जा," नियमसाहेब म्हणाला. त्याने मागितलेला दाखलाही बाईंनी अर्जासोबत जोडला. तो कागद त्याने फायलीत ठेवला आणि फाईल उशाला घेतली.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर दात धरला. पण लाकडाला आणि दोराला जे जमतं तेवढंच मला जमणार. मी सैल पडले. रोज थोडी. त्याची पाठ धरली, मान आखडली. मग त्याने जे केलं, ते शहाणा माणूस कधी करणार नाही. त्याने दोरवालीलाच बोलावलं.

"बाज तुझीच ना? ताणून दे. फार खोल जातेय."

नववा सरत आलेली ती पोरगी आली. मला वाटलं, नाही म्हणेल. ती म्हणाली, "देते की." तिने गात्याला पाय लावला आणि सासूने मागून तिची कंबर धरली. दोर ओढताना तिच्या कपाळावरचा घाम माझ्या विणीत पडला. मग तिने गाठ मारली. ती आमच्या घरची गाठच नव्हती. ती सरकगाठ होती, वजन आलं की निसटणारी. सासूने ती पाहिली आणि साहेबाला म्हणाली, "आता बघा कशी झोप लागते."

जेवून ढेकर देत तो आला आणि धपकन बसला. गाठ सुटली. त्याचं बूड पार जमिनीला टेकलं, गुडघे हनुवटीला लागले आणि हात वरच्या वर राहिले. मी दोन्ही गात्यांनी त्याला आवळून धरला. तो जितका धडपडला तितका रुतला. त्याची बोंब ऐकून अर्धी छावणी दारात जमली. कुणीही हात पुढे केला नाही.

सासू त्याच्यासमोर उकिडवी बसली. "जमिनीवरून उठता येईना होय? कितवा महिना म्हणायचा साहेबांचा?"

लोक इतके हसले की न्हाव्याला ठसका लागला.

"काढा मला!" तो ओरडला.

"बाज माझी आहे," दोरवाली म्हणाली. "आधी सगळ्यांदेखत तसं बोला."

"तुझीच आहे! घेऊन जा, बाई!"

तिने त्याला लगेच सोडवलं नाही. मांडी घालता येत नव्हती म्हणून ती त्याच्या खुर्चीत बसली, पाणी मागून घेतलं आणि सावकाश प्यायली. त्याच्या तोंडाचा रंग उतरेपर्यंत बघत राहिली. मला तो वेळ फार गोड वाटला. खोटं कशाला सांगू?

त्यानंतर बाराव्या दिवशी, गोदामाच्या कोपऱ्यात चादरीच्या आडोशाला, माझ्यावर तिला मुलगी झाली. आवाज खणखणीत, दिवस पुरे भरलेले. नियमसाहेब बघायला आला आणि म्हणाला, "झालं गेलं विसरून जा आता."

दोरवालीने बाळाला छातीशी धरलं. "तुम्ही जमिनीवर झोपला असता तर म्हणायचं. चादरीबाहेरूनच बघा आणि जा."

तो गेला.

आता माझं एक गातं किडलं आहे आणि त्या मुलीचे पाय माझ्या बाहेर जातात. मित्रांनो, अवघडलेली बाई दारात आली तर आधी तिला बसायला द्या, मग कागद मागा. आणि दिलं नाहीत, तर तिने हसून मान डोलावली म्हणून निर्धास्त राहू नका.