बाईंना विचारून सांगते

केंद्राचं दार उघडायच्या आधीच मोठ्या बाई दमलेल्या असत. नवऱ्याने चहा पितापिता विचारलेलं असे, की नळवाल्याला आज बोलावू की उद्या. मुलीने विचारलेलं असे, की वरून स्वेटर घालू का. कुलूप काढून त्या आत पाऊल टाकतात न टाकतात, तोच स्वयंपाकाच्या मावशी समोर उभ्या. बटाटे उकडायचे की परतायचे?

मंडळी, असं एक माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात असतं, आणि कचेरीत तर असतंच असतं. त्याच्यावाचून पान हलत नाही. आपण त्याचं कौतुक करतो, त्याच्या डोक्यावर आणखी दोन कामं ठेवतो आणि निवांत होतो. मोठ्या बाई तशाच होत्या. त्यांचं केंद्र लहान मुलांचं. तान्ह्यांसाठी एक खोली, दोन-तीन वर्षांच्यांसाठी मधली खोली आणि शाळेत जायला आलेल्यांसाठी मागची. रंगांच्या कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला, औषधांच्या कपाटाचीही तिथेच. पालकांना फोन करायचा तर बाईंना विचारून. मुलांना अंगणात न्यायचं तर बाईंना विचारून. पाऊस येईल का, हेही एखादीने त्यांनाच विचारलं असतं. कुठल्याही ताईला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, "बाईंना विचारून सांगते."

बाई वाईट नव्हत्या, हे आधी सांगून टाकतो. कुणाचं मूल पडलं तर त्या हातातलं काम टाकून धावत. म्हणूनच तर सगळं स्वतःच्या नजरेखालून गेलं पाहिजे, असं त्यांना वाटे. संध्याकाळी पाय सुजलेले असत, घसा बसलेला असे, आणि घरी जाताना त्या मनात म्हणत, मी एक दिवस आले नाही तर यांचं काय होईल देव जाणे. या विचाराने त्या हैराण होत. थोड्या सुखावतही, पण ते त्या कबूल करत नसत.

अशात एक पाहुण्या बाई आल्या. वयाने मोठ्या, केस पांढरे, गुडघे दुखरे. स्वतः बरीच वर्षं असंच केंद्र चालवलेलं, आणि आता लहान मुलांच्या केंद्रांत नेतृत्व कसं चालतं याचा अभ्यास करत होत्या. मोठ्या बाईंच्या केंद्रात त्यांनी काही आठवडे येऊन बसायचं ठरलं. त्या खरोखरच नुसत्या बसत. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर, भिंतीला टेकून. मुलांनी त्यांचं नाव "बसणाऱ्या बाई" ठेवून टाकलं. मोठ्या बाईंना मनातून बरं वाटलं. चला, आपण किती ओढतो ते कुणीतरी डोळ्यांनी बघेल तरी! बसणाऱ्या बाई ज्याला त्याला एकच विचारत, की इथे पुढारपण कोण करतं? ताया, मावशी, झाडूवाले काका, सगळे कचेरीच्या दाराकडे बोट दाखवत. मोठ्या बाई आतून ते ऐकत आणि उगीचच कागद सारखे करत.

मधल्या खोलीत तेव्हा एक नवी मुलगी आली होती. तीन वर्षांची असेल-नसेल. आई एका कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. आजवर मुलगी तिच्या मशीनशेजारी बसून चिंध्या निवडायची, पण नव्या मालकाने मुलं आणायला मनाई केली. मुलीला केंद्रात सोडणं नाहीतर काम सोडणं, आईपुढे असे दोनच रस्ते होते.

मुलगी पहिले काही दिवस खूप रडली. मग रडणं थांबलं आणि ती दाराजवळ बसून राहू लागली, पायांत बूट घालून. बूट काढू देईना. गाणी सुरू झाली की कान झाकून घेई. जेवत नव्हती, बोलत नव्हती. मुलं तिला बूटवाली म्हणू लागली. मधल्या खोलीची ताई तिच्याकडे बघून कासावीस व्हायची.

या ताईचा जीव कामात होता. तिने एक गोष्ट हेरली होती. मुलीची नजर खेळण्यांकडे जात नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे जाते. मावशी काहीतरी निवडत बसल्या की ही मान लांब करून बघते. आईच्या बाजूला बसून काम करायची सवय, तीच हिला हवी आहे. पण मुलांनी स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही हा मोठ्या बाईंचा नियम. तेव्हा ताई विचारायला गेली. बाई फोनवर होत्या, म्हणाल्या, "मी बघते." दुसऱ्यांदा गेली तर रंगांच्या कपाटापाशी तंटा चाललेला, बाई म्हणाल्या, "सांगते तुला." आणखी एकदा गेली तर बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे न बघताच मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची, हे विचारायचा धीर ताईला झाला नाही. ती परत येऊन मुलीजवळ जमिनीवर बसली. मग रोज नुसती बसू लागली.

आणि एका सकाळी मुलीची आई कचेरीत आली. मुलीचं नाव काढून टाका, म्हणाली. घरी रात्री दचकून उठते, वजन उतरलंय. कामाचं काय करणार, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "सोडते. दुसरं काय करणार?" तिने उलट एक शब्द उच्चारला नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं. दोन दिवस थांबा एवढंच त्या कशाबशा बोलल्या.

आई गेल्यावर त्यांनी मधल्या खोलीच्या ताईला बोलावलं. आवाज चढलाच.

"अगं, एवढं सगळं झालं आणि मला कुणी सांगायचं नाही?"

ताईचं तोंड उतरलं. "सांगितलं होतं, बाई," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा सांगितलं. तुम्ही बघते म्हणालात. शेवटी नुसती मान हलवलीत, ती हो की नाही हे विचारायचा मला धीर झाला नाही."

बाईंना आठवेना. किती आठवायचा प्रयत्न केला, तरी आठवेना. दिवसभरात त्या इतक्या जणांना "बघते" म्हणत, की त्यातलं हे कुठलं हे कळायला मार्ग नव्हता.

दुपारी मुलं निजली. पडदे ओढलेले होते, चटयांवर सगळीकडे मुलंच मुलं. मोठ्या बाई बसणाऱ्या बाईंच्या शेजारी दुसऱ्या बुटक्या खुर्चीत जाऊन बसल्या. मुलं उठू नयेत म्हणून दोघी कुजबुजत होत्या. जन्मातलं सगळ्यात मोठं भांडण कुजबुजत करावं लागणं हे असल्या केंद्रातच घडतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, की तुम्ही बघताच आहात, मी एकटी कुठे कुठे पुरणार? मला चार हात आहेत का?

"तुम्ही दमलाय, ते दिसतंय," बसणाऱ्या बाई म्हणाल्या. "पण ती ताईसुद्धा तुमच्याइतकीच दमलीय. तुम्ही काम करून दमता, ती वाट बघून दमते. दुसरा थकवा वाईट. त्यात माणूस हळूहळू विचार करायचंच सोडतं."

"आणि उद्या कुणाचं काही चुकलं तर? जबाब मला द्यावा लागतो. पालक माझ्या अंगावर येतात."

"द्या ना जबाब. पुढारपण त्यासाठीच असतं. ठरवू दे तिला, आणि चुकलं तर पुढे उभ्या राहा तुम्ही. हे सोपं नाही. मी माझ्या केंद्रात फार उशिरा शिकले."

एक मूल कूस बदलून पुन्हा झोपलं. तेवढा वेळ थांबून बसणाऱ्या बाई पुढे म्हणाल्या, "पोरांना तुम्ही इथे स्वतःचं बटण स्वतः लावायला शिकवता. पोर झटापट करत असतं, आपले हात शिवशिवतात, तरी आपण मागे धरून ठेवतो. मग या मोठ्या बायकांची बटणं रोज तुम्ही का लावून देता?"

मोठ्या बाईंना राग आला. इतक्या वर्षांच्या कष्टांना कुणी असं म्हणावं! त्या उठून कचेरीत गेल्या आणि दार लोटून बसल्या. पण राग टिकेना. डोळ्यांसमोर ती ताई येत होती, आपल्या हललेल्या मानेचा अर्थ न विचारता परत फिरलेली. आपण इतक्या भीतिदायक कधी झालो? त्यांना रडू आलं. अगदी साधं, दमलेल्या माणसाचं रडू.

मुलं उठायच्या आत त्यांनी ताईला बोलावलं आणि विचारलं, "या मुलीचं काय करावं असं तुला वाटतं?"

ताई गोंधळली. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली. बाईंनी पुन्हा तेच विचारलं आणि ओठ घट्ट मिटले. ताईला उत्तर ठाऊक होतं, पण ते तोंडातून काढायची सवय मोडली होती. शेवटी ती अडखळत बोलू लागली. मुलीला सकाळी स्वयंपाकाच्या मावशींजवळ बसवायचं. आत चूल आहे, सुरी आहे, म्हणून टेबल दाराबाहेर घ्यायचं. वाटाणे सोलायला द्यायचे. आईलाही मीच फोन करते. बाईंच्या जिभेवर तीन "पण" येऊन गेले. तिन्ही त्यांनी गिळले आणि म्हणाल्या, "कर."

दुसऱ्या सकाळी टेबल बाहेर आलं. मुलगी बूट घालूनच बसली आणि वाटाण्यांची परात पहिल्या झटक्यातच जमिनीवर पालथी झाली. मधल्या खोलीची सगळी पलटण वाटाण्यांमागे धावली. काका झाडू टाकून कचेरीकडे बघू लागले. मोठ्या बाई खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या होत्या. काय करायचं ते ताईने ठरवलं. वेचणाऱ्या सगळ्यांना तिने एकेक वाटी दिली.

लगेच चमत्कार झाला असं समजू नका. दोन दिवसांनी ताईने घाई केली, मुलीला गाण्याच्या वेळी खोलीत नेलं, आणि तिने टाहो फोडला. बाई अर्ध्या उठल्या, पुन्हा बसल्या. ताईला स्वतःलाच कळलं. ती मुलीला उचलून टेबलाशी घेऊन आली. त्या संध्याकाळी आईने दारात जाब विचारला, तेव्हा मोठ्या बाई पुढे झाल्या. चूक आमची झाली, पण उपाय बरोबर आहे, अजून थोडा वेळ द्या, असं त्यांनी सांगितलं. ताई मागे उभी राहून ऐकत होती.

पुढच्या आठवड्यात मुलगी केंद्रात पहिल्यांदा बोलली. हातातली शेंग मावशींना दाखवून म्हणाली, "ही रिकामी आहे." मावशींनी परात तशीच टाकली आणि ताईला हाक मारत धावल्या. ताईला, हे महत्त्वाचं. कचेरीवरून पुढे गेल्या तरी त्यांचे पाय तिथे थबकले नाहीत. मोठ्या बाईंना आत एक लहानशी कळ आली. तीही त्यांनी सोसली.

मुलीचं नाव राहिलं, आईचं कामही राहिलं. मुलगी केंद्रात नीट रमू लागल्यावर आई एकदा संध्याकाळी कचेरीत आली आणि मोठ्या बाईंचे हात धरून आभार मानू लागली. बाईंनी तिला थांबवलं. हे सगळं मधल्या खोलीच्या ताईने ठरवलं, आभार तिचे माना, म्हणाल्या.

आई सरळ स्वभावाची. तिने विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"मी गप्प बसले," मोठ्या बाई म्हणाल्या. "फार जड गेलं हो."

दोघी हसल्या. बाईंचे पाय अजून दुखतात. दमणं काही संपलेलं नाही, मुलांच्या केंद्रात ते कधी संपत नाही. पण आता दमणं वाटून घेतात. रंगांच्या कपाटाची किल्ली मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते.

तेव्हा मंडळी, आपल्यावाचून ज्यांचं काही अडत नाही अशी माणसं ज्याने घडवली, तो खरा पुढारी. आपल्यावाचून सगळं अडतं याचा अभिमान कुणाला वाटत असेल, तर त्याने आपल्या दाराबाहेर कोण कोण ताटकळत उभं आहे ते एकदा बघावं. त्यांच्या मागे बहुतेक वेळा एखादं लहान मूल उभं असतं, आणि त्याला थांबायला वेळ नसतो.