डबलबासच्या लोखंडी तारा

"आतड्याच्या तारा काढू नको, सूनबाई. लोखंडाची ओढ याच्या मानेले पेलवणार नाई," असं गुणवंतमामांनी बजावलं, तेव्हा पुनम हसली होती.

मामा बजावायचे तरी कशाकशाबद्दल! पोरीला उघड्यावर नेऊ नका, शिळा भात खाऊ नका, मोबाईल उशाशी ठेवू नका. पुनमला स्वतःच्याच काळज्या पुरून उरायच्या. मामांच्या आणखी कुठे ठेवायच्या?

"मामाजी, लोकं चंद्रावर चालले अन् तुम्ही आतडं धरून बसले," ती म्हणाली.

"जाय न माय चंद्रावर. पण याची मान सांभाळ."

‘याची’ म्हणजे डबलबासची. माणसापेक्षा उंच, कोठीसारख्या पोटाचं ते वाद्य. मामा ऊर्जानगरला वीजकेंद्रात नोकरीला होते, तेव्हा कॉलनीच्या क्लबातल्या ऑर्केस्ट्रात ते हे वाजवायचे. ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि वाद्य क्वार्टरच्या कोपऱ्यात गाद्यांखाली दबून गेलं. मामांनी ते भाच्याला, म्हणजे पुनमच्या नवऱ्याला, निकेशला दिलं. निकेश वडशाच्या एका झाडीपट्टी नाटक कंपनीत लागला. दिवाळीनंतर गावोगाव बैलांच्या शर्यतींचे शंकरपट आणि मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की कंपनीची गाडी निघायची, आणि टपावर ताडपत्रीखाली डबलबास आडवा.

निकेश मुळातच कमी बोलायचा. लग्न ठरवायला आला तेव्हा पुनमच्या आईने विचारलं होतं, "पोरगा मुका तं नाई न?" पण वाद्याला खांदा लावून उभा राहिला की वाटायचं, हा माणूस आता कोणाशी तरी बोलून राह्यला आहे.

अडचण एवढीच, की ते बोलणं तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नव्हतं. बकऱ्याच्या आतड्यापासून वळलेल्या तारांचा आवाज मऊ, आणि समोर भोंग्यांच्या भिंती. मागच्या हंगामाच्या शेवटी कंपनीचे मालक दिनेशभाऊ सगळ्यांदेखत म्हणाले होते, "निकेश, तू वाजवते का नुसता मिठी मारून उभा राह्यते? पुढच्या साली ऐकू आलं तं ठेवतो, नाई तं हरिदास की-बोर्डवर काढते तेवढं."

सगळे हसले. निकेशही हसला, आणि घरी येऊन जेवला नाही.

म्हणून पुनमने मनावर घेतलं. चंद्रपूरच्या कॉलेजात तिने फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं होतं, आर्वी पोटात आली तेव्हा बीएड अर्धं राहिलं. पोरगी मांडीवर आणि मोबाईल हातात, असं तिने पावसाळाभर वाचून काढलं. आवाज उचलून भोंग्याकडे धाडणारा जो तुकडा, पिकअप, तो दोन जातींचा. एक चकतीचा. तो तारांखालच्या घोडीत बसवायचा. कोणतीही तार चालते, पण तो लाकडाची थरथरही उचलतो आणि मोठ्या भोंग्यासमोर शिट्टी मारतो. दुसरा चुंबकाचा. तो शिट्टी मारत नाही, पण त्याला फक्त लोखंड ऐकू येतं.

"चुंबकाले आतडं कसं ऐकू येणार?" तिने निकेशला समजावलं. "मंग तारा लोखंडाच्याच पाहिजेत. तशाही त्या जास्त वाजतात."

"मामा नाई म्हणते."

"मामाजी गॅसलेही नाई म्हणते. तुम्हाले काय पाहिजे ते सांगा."

निकेश बराच वेळ पोरीचा पाय हातात धरून बसला. मग म्हणाला, "ऐकू गेलं पाहिजे."

नागपूरहून तारा आणि पिकअप आले. तारा पिळत पिळत चढवताना लाकूड आतून कुरकुरलं, तशी पुनमने खुंटीवरचा निकेशचा हात धरला. मग कुरकुर थांबली. तिला वाटलं, बसलं सगळं.

हंगामाचा पहिला प्रयोग मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या एका गावात झाला. आर्वीला शालीत गुंडाळून पुनम मुद्दाम शेवटच्या रांगेत बसली. निकेशने पहिला सूर लावला आणि खालची भाताची तणस, वरचा मांडव, तिच्या मांडीवरची पोरगी, सगळं एका दमात गुणगुणलं. शेजारच्या बंगाली आजोबांनी छातीवर हात ठेवला आणि आवाज कुठून येतो ते मान उंचावून शोधू लागले. "माझे मिस्टर आहेत ते," असं पुनमने त्यांना न विचारता सांगितलं.

निकेश त्या दिवसांत बोलू लागला. चहा चांगला झाला, असं म्हणू लागला.

मग पूस महिन्यात अवकाळी आला. आर्वीला घेऊन पुनमही कंपनीबरोबर फिरत होती. कंपनी पहाटे आलापल्लीच्या अलीकडच्या गावात पोचली तेव्हा ताडपत्री गळून वाद्य ओलं झालं होतं. सकाळी सगळे शाळेच्या वऱ्हांड्यात पेंगत होते. आदल्या गावात रात्रभर वाजवून निकेश गाढ झोपला होता. अंगणात शेकोटी पेटली होती, आणि ढोलकीवाला संघपाल नेहमीप्रमाणे ढोलकी आणि डफ जाळाशी शेकत होता. ओलं चामडं सैल पडतं. शेकलं की ताणतं, खणखणीत बोलतं. या मुलखात हे कोणालाही सांगावं लागत नाही. पुनमच्या माहेरी लग्नाच्या वाजंत्र्यांना वाद्यं शेकायला तणशीचा पेंढा आधी देत, मग चहा.

वाद्याच्या पोटावर पाणी होतं. पुनमने पदराने पुसलं. लाकूड तरी गारच. तिला राहवेना. आज रात्री आवाज बसला तर? मालक पुन्हा काही बोलले तर?

"संघपालभाऊ, जरा हात लावता का?"

दोघांनी वाद्य आणून शेकोटीपाशी बाजेवर आडवं ठेवलं. ती शेजारी बसली. लेकराला तेल लावून उन्हात कूस बदलवावी तशी ती त्याची कूस बदलत राहिली. तळवा ठेवून पाहायची, चटका तर बसत नाही ना. नव्हता बसत. नुसतं उबदार लागत होतं. लाकडाचे सांधे सरसाने चिकटवलेले असतात आणि सरस उबेनेच सुटतो, हे तिने वाचलेल्यात कुठेच नव्हतं. असेलही. तिने तारांचं आणि चुंबकाचं तेवढं वाचलं होतं.

आवाज झाला तो बैलगाडीचं जू मोडल्यासारखा. तारांच्या ओढीने मान मुळापासून उखडून पुढे आली, घोडी उडाली, पोटाला उभी चीर गेली. तारा लोंबत राहिल्या.

निकेश उठून आला. उकिडवा बसला. चिरेवरून त्याने एकदा बोट फिरवलं. पुनम रडत होती, बोलत होती, काय बोलत होती तिचं तिलाही कळत नव्हतं.

"पोरगी कुठी हाय?" त्याने विचारलं.

"इथीच, झोपली आहे."

"तिले उचल. ठिणगी उडते."

तेवढंच. शिवी नाही, हात नाही, काऊन असं केलं म्हणून विचारणं नाही. त्याने ओरडावं म्हणून ती दिवसभर त्याच्या मागे फिरली.

दिनेशभाऊ म्हणाले, "रडू नका, बाई. पब्लिकले आवाजाशी मतलब." त्या रात्री हरिदासने डाव्या हाताने की-बोर्डवर काढलं सगळं. निकेश रिकाम्या हातांनी पडद्याच्या कडेला उभा होता. प्रयोग संपल्यावर गावचा एक माणूस जाता जाता त्यालाच म्हणाला, "भाऊ, यंदा म्युझिक एक नंबर!"

सकाळी निकेशने उखडलेली मान पुनमच्या शालीत बांधली. आलापल्लीला सागवानाचं काम करणारे सुतार आहेत, दाखवून येतो, म्हणाला. आर्वीच्या डोक्यावर हात ठेवला. पुनम बसपर्यंत गेली. खिडकीतून त्याने पाहिलं नाही.

एकदा फोन आला, "जेवलो," एवढाच. आता लागत नाही. दिनेशभाऊ म्हणतात, येईल, जाते कुठी. पोलीस म्हणतात, नवराबायकोचं भांडण आहे का? भांडण झालं असतं तर बरं, हे त्यांना कसं सांगायचं! आर्वीला ताप आहे, तिला घेऊन जंगलात कुठे कुठे फिरणार? म्हणून पुनम दिसेल त्याला सांगते. बसवाल्यांना, मोहफुलांचा धंदा करणाऱ्यांना, तुम्हालाही हेच:

आलापल्लीकडे जाणं झालं तर लाकडाच्या आगाराजवळ, बसस्टँडच्या मागे, नाल्याच्या पुलावर जरा पाहा. उंच माणूस, डावा खांदा थोडा झुकलेला, डाव्या हाताच्या बोटांना घट्टे. बोलणार नाही तो. घरी चल म्हणू नका, मी रडते हेही सांगू नका. नुसतं जवळ बसा थोडा वेळ. जेवला का ते पाहा, आणि मले कळवा.