खडकावरचे तीन दगड

उन्हाळा लागला की आमच्या भाऊजींना शिंगं फुटतात. भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. वर्षभर घरातली काडी इकडची तिकडं करायची नाही, आणि शहरातले हौशी लोक पाठीवर बोचकी बांधून डोंगर चढायला आले, की हा माणूस गळ्यात शिट्टी अडकवून त्यांच्या पुढं. घरच्या गाईला रानात न्यायचा कंटाळा, पण परक्यांना डोंगर असा दाखवतो, जणू ह्यानंच बसून रचलाय.

त्या लोकांचं तर काय सांगावं. झऱ्यावर जायचं, बुटांसकट पाय बुडवायचे, आणि दगडावर दगड रचून फोटो काढायचे. चांगली घोड्याएवढी माणसं. पण त्यांना मी बोल लावत नाही, त्यांना काही ठाऊकच नाही. आमच्या भाऊजींना ठाऊक होतं.

उन्हाळ्यात मेंढरांचे कळप खालच्या कुरणांतून वरच्या कुरणांत जातात, आणि वाटेत जवळचं पाणी म्हणजे आमचा झरा. पुढं गेलेल्याला झरा आटलेला दिसला, तर तो वाट फुटते तिथल्या खडकावर एकावर एक तीन दगड ठेवतो. मागचा ते बघतो आणि चढ न चढता लांबच्या नदीकडं वळतो. ज्यानं ठेवले त्यानंच उतरवायचे, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे कळतं.

त्या दिवशी उतरताना एका बाईचे पाय दुखायला लागले म्हणून सगळे नेमके त्याच खडकापाशी टेकले. बाईनं तीन दगड रचले, फोटो काढला, भाऊजी दात काढत शेजारी उभे राहिले. मग दगड तसेच ठेवून सगळी वरात खाली आली. वर झरा चांगला वाहत होता.

मागून कळप घेऊन आला तो माझा थोरला भाऊ. मेंढ्या गाभण, अगदी दिवस भरत आलेल्या, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. दादानं दगड बघितले आणि झरा हाकेवर असताना कळप नदीकडं वळवला. दोन मेंढ्या वाटेत बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्यातली एक कायम कळपाच्या पुढं चालणारी. तिला दादा घरच्या लेकीसारखी हाक मारायचा.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. खरं काय ते त्याला मागून येणाऱ्या मेंढपाळानं सांगितलं होतं; त्यानं लांबून, खालच्या वळणावरून त्या बाईला दगड रचताना बघितलं होतं. भाऊजी ओट्यावर बुटांना तेल चोळत बसले होते.

“दगड रचले तेव्हा तू तिथं होतास?” दादानं विचारलं.

“होतो. पण पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? वाईट दिसतं.”

मला त्या तोंडाकडं बघवेना. दादा आल्या पावली वळला. जाताना भाऊजींच्या शेताच्या कोपऱ्यावर, बांधावरच्या सपाट शिळेवर, त्यानं तीन दगड ठेवले आणि गेला.

परतीच्या वाटेवर सगळे कळप आमच्या रानात बसतात. त्या लेंडीखतावरच आमची माती पिकते, नाहीतर आहे काय तिच्यात. यंदा कळप आले, शिळेवरचे दगड बघितले आणि बांधाच्या अलीकडं, आमच्या वाट्यात बसले. भाऊजींच्या वाट्यात एक मेंढरू शिरलं नाही. त्यांचं रान उघडं पडलं. मग भाऊजी माझ्या मागं लागले, की वहिनी, तुमचं ऐकतील दादा, एवढे दगड उतरवायला सांगा. मी म्हटलं, माझं नाही ऐकायचा तो. खरं म्हणजे मी सांगितलंच नाही, आणि सांगणारही नाही. भाऊजींनी स्वतः हात लावला तर पुढं कुठलाच कळप आयुष्यभर फिरकायचा नाही, एवढी अक्कल त्यांना अजून आहे.

आता डोंगरावर जाणारे लोक त्या बांधाशी थांबतात. दगड त्यांना फार आवडतात. फोटो काढतात, भाऊजींनाही शेजारी उभं करतात, आणि भाऊजी दात दाखवून उभे राहतात. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं.