पुलाखालचा बर्फ

स्वयंपाकघराच्या टेबलावर डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या तीन बाटल्या होत्या. एक जंतूंसाठी, एक सुजेसाठी, एक नुसत्या अश्रूंसारखी. कडेने भोकं पाडलेल्या, झोपताना डोळ्यांवर बसवायच्या प्लॅस्टिकच्या दोन वाट्या, चिकटपट्टीचं एक भेंडोळं, एक काळा चष्मा आणि दुखण्यावरच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. यातलं काहीच वित्स्केला धड दिसत नव्हतं. बाटल्या ओळखता याव्यात म्हणून एकीला तिने एक रबरबँड गुंडाळला होता, दुसरीला दोन, आणि तिसरी तशीच ठेवली होती.

लेसरचं ऑपरेशन शनिवारी झालं आणि आज बुधवार होता. दोन्ही डोळ्यांच्या पारपटलावरची पातळ त्वचा खरवडून काढली होती, खाली लेसर मारला होता आणि जखमेवर मऊ लेन्स बसवली होती. "नवी त्वचा येईपर्यंत दुधातून पाहिल्यासारखं दिसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "आणि वारा अजिबात लागू द्यायचा नाही." वित्स्के भौतिकशास्त्र शिकलेली. प्रकाश कुठे आणि कसा विखुरतो हे तिला ठाऊक होतं, पण त्याने डोळ्यांची आग काही कमी होत नव्हती.

ती गावाची बर्फमास्तर. कालव्यावरचा बर्फ मोजून स्केटिंगला मोकळा करायचा की नाही, हे ठरवणं तिचं काम. पालथं पडून मोजपट्टी वाचताना श्वासाने चष्म्यावर हिम धरायचं, म्हणून तर हा लेसर. गेली सहा वर्षं कालवा गोठलाच नव्हता, तेव्हा जानेवारीच बरा असं तिला वाटलं. ऑपरेशन झालं त्याच रात्री पूर्वेचा वारा सुटला आणि पारा खाली गेला तो वर आलाच नाही.

खिडकीशी तिचे वडील गेर्लोफ बसले होते. त्यांच्या मांडीवर स्केट्स होते आणि ते दगडावर धार लावत होते. खर्र, खर्र. मध्येच खोकला. फुप्फुसाच्या दुखण्याने ते अर्धे झाले होते. पुढच्या हिवाळ्याचा विषय निघाला की त्यांचे डॉक्टर कागद चाळायला लागत. त्यांना ती फ्रिसलंडच्या रीतीने हाइत, म्हणजे बाबा, म्हणे.

दुपारी बाराला दार उघडलं आणि थंडीबरोबर डाउवे आत आला. शाळेतला मास्तर, वित्स्केचा मदतनीस, अंगाने म्हैस.

"काय महाराणी, पडदे लावून कोपभवनात बसलीस होय?"

"दार लाव आधी. किती भरला?"

"स्केटिंग क्लबच्या खोलीपाशी अकरा सेंटिमीटर. वळणावर दहा. चर्चमागे साडेदहा. सगळा काळा, काचेसारखा. आज शाळा अर्धा दिवस, पोरं काठावर स्केट्स बांधून उभी आहेत. संध्याकाळी पाऊस लागतोय, उद्या नुसतं पाणी. तू हो म्हण, मी झेंडा लावतो."

"पुलाखाली?"

डाउवे हातमोजे काढायला लागला. "तोंडापर्यंत गेलो होतो. बर्फ कण्हला. परत फिरलो. माझं वजन तुला माहीत आहे, आणि घरी दोन पोरं आहेत."

"म्हणजे मोजलंच नाहीस."

"अगं, तिन्हीकडे दहाच्या वर आहे. आपला नियम आठचा. पुलाखाली काय उन्हाळा लागलाय?"

"पंपघर रविवारपर्यंत चालू होतं. पुलाखाली पाणी वाहतं होतं."

"मग काठाने सतरंज्या टाकू. स्केट्स घालूनच चालत पुलाला वळसा घालतील. नेहमी घालतात."

"घाईत? साठ पोरं, मागची पुढच्याला ढकलणार. कोण थांबणार आहे सतरंजी बघून?"

"गावात काय बोलतात ऐकायचंय? बाईला दिसेना म्हणून आमचा बर्फ बंद."

खर्र थांबलं.

वित्स्के उठली. काळा चष्मा चढवला, चाचपडत कोट घातला, मागचं दार उघडलं. अंगण उतरलं की कालवा, आणि पूल कुंपणाला लागून. दोन पावलं टाकली तोच वारा चष्म्याच्या कडेने आत शिरला. कोणीतरी डोळ्यांत वाळू चोळावी तसं झालं. पापण्या आपोआप मिटल्या, उघडेनात. ती तिथेच भिंत धरून उभी राहिली.

"आत ये. बूट काढ," हाइत मागून म्हणाले.

"मीच जाणार. मला सवय आहे."

"पट्टी कोण वाचणार? तुझं नाक?" त्यांनी तिचा दंड धरून तिला आत घेतलं आणि खुंटीवरचा स्वतःचा कोट काढला. "मी पंचावन्न किलो उरलोय. या दुखण्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे."

"हाइत, तुम्ही नाही. दम लागेल."

"पालथं पडायचंय, नाचायचं नाही. डाउवे, शिडी आणि गिरमिट घे. आणि तोंड बंद ठेव."

शेवटी तीही गेली. डोळ्यांवर प्लॅस्टिकच्या वाट्या चिकटवून, वरून मफलरचे तीन वेढे घेऊन. आता तिला काहीच दिसत नव्हतं. दोराचं एक टोक हाइतच्या छातीला बांधलं होतं, दुसरं तिने मनगटाला वळसा देऊन धरलं. तिच्या मागे डाउवेनेही तोच दोर धरला. बर्फावर आडवी टाकलेली शिडी करकरली, मग तिचा आवाज बदलला, पोकळ झाला. हाइत कमानीखाली गेले.

"दिसतात का रे?" तिने विचारलं.

"बूट दिसतात. पुढे काळोख आहे."

पलीकडच्या काठावर पोरं ओरडत होती. कोणीतरी गाणं म्हणत होतं. वित्स्के दोराकडे लक्ष देऊन होती. तो तिच्या मुठीत हळूहळू सरकत होता, थांबत होता, खोकल्याबरोबर हिसके देत होता.

बर्फाला भोक पाडलं की टोकाला आकडी असलेली मोजपट्टी आत सोडायची, आकडी बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायची आणि वरचा आकडा वाचायचा. तिथे तो वाचणारे एकटे हाइत. डाउवेला दिसत नाही, तिला तर नाहीच. सगळ्या गावात बर्फाची ओढ त्यांच्याइतकी कोणाला नव्हती, आणि पुन्हा कधी संधी मिळणार नव्हती तीही त्यांनाच. आठ म्हणाले तर झेंडा लागेल, स्केट्स बांधून ते सगळ्यांच्या आधी उतरतील, आणि ते आठ खरे होते की नाही हे कोणी तपासणार नाही. हा विचार मनात आला म्हणून तिला स्वतःची लाज वाटली. पण तो जाईना.

गिरमिटाचा आवाज सुरू झाला. थांबला. परत सुरू झाला, या वेळी जरा डावीकडून. मग पाणी उसळल्याचा बारीक आवाज.

"हाइत?"

दोर सैल होता. डाउवेने मागून तो थोडा ओढून घेतला. पोरांचं गाणं थांबलं होतं, बहुधा तीही पुलाकडे बघत असावीत.

"हाइत, पट्टी काय म्हणते?"

खोकला. मग धाप, कमानीत घुमणारी.

"मध्यावर सहा," आतून आवाज आला. "भिंतीलगत चार."