तोल्वानेरासाठी घंटा

इथली नावं मी बदलली आहेत. माणसांची बदलली, मुखवट्याचंही बदललं. बायकोचं नाव बदलून लिहिताना हात अडखळतो, पण ती असती तर तिनं हेच सांगितलं असतं.

तर तिला एर्मिनिया म्हणू आणि कुस्तीत ती जो मुखवटा घालायची त्याला तोल्वानेरा. आमच्या तोरेओन शहरात उन्हाळ्याच्या आधी धुळीची भिंत चालून येते, तिला तोल्वानेरा म्हणतात.

एर्मिनिया वारली आणि पुढच्याच गुरुवारी तोल्वानेरा कुस्ती जिंकली. मी तेव्हा कोपऱ्यावरच्या गाडीवर गोर्दिता, मक्याची सारण भरलेली जाड भाकरी, खात होतो. घरी चूल पेटवायची इच्छा नव्हती. गाडीवाल्या पेत्राबाईंनी छोटा टीव्ही लावला होता.

"बघा की नासारियो, कशी उडतेय," त्या म्हणाल्या. "वय झालं म्हणे हिचं. ही तर वीस वर्षांच्या पोरीसारखी उडतेय."

"हो, उडतेय," मी म्हणालो.

ती वीस वर्षांचीच कुणी पोरगी असणार. मुखवटा तोच, वाळूच्या रंगाचा, डोळ्यांभोवती तांबडी वर्तुळं. आतली बाई वेगळी.

शेजारी कुणाला काही माहीत नव्हतं. एर्मिनिया शिवणकामाच्या कारखान्यात पाळीवर जाते, असंच सगळ्यांना वाटायचं. मयताला आलेल्या बायका म्हणाल्या, "किती शांत बाई. कधी कुणाशी भांडली नाही." भिंतीला टेकून कूका उभी होती. तिनं मान खाली घातली. हसू दाबत होती की रडू, मला कळलं नाही. या शांत बाईनं कूकाचा खांदा दोन वेळा निखळवला होता, आणि भरल्या आखाड्यात तिचा मुखवटाही जिंकला होता. मुखवटा हरलं की तो सगळ्यांसमोर काढायचा आणि आपलं खरं नाव सांगायचं. तेव्हापासून कूका उघड्या तोंडानं वावरते आणि दोघी जिवाच्या मैत्रिणी होत्या. हे बाहेरच्यांना समजत नाही.

आमच्याकडे कुस्तीगीर वारला की आखाड्यात घंटा वाजवतात. सगळे रिंगभोवती उभे राहतात, नाव पुकारलं जातं, घंटेचे दहा ठोके पडतात, मग लोक टाळ्या वाजवतात. एक म्हातारा पंच होता, शुद्धीवर असलेला कधी कुणी पाहिला नाही, त्याच्यासाठीसुद्धा वाजवली होती.

आखाड्याचे कूलर मीच दुरुस्त करतो, त्यामुळे मॅनेजरच्या खोलीत मला अडवत नाहीत. मी जाऊन घंटेचं विचारलं. त्याला एर्मिनिया माहीत होती, पण तो कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीचा नोकर.

"नासारियो, मी वाजवू कुणासाठी?" तो म्हणाला. "तोल्वानेरा गुरुवारी लढणार आहे. पोस्टर लागलीत."

"तू ओळखतोस तिला."

"मी ओळखून काय उपयोग. नाव कंपनीचं आहे. तोल्वानेरा मेली असं मी माइकवर बोललो, तर दुसऱ्या दिवशी कूलर पुसायला तुझ्याकडे येईन."

मला घंटा हवी होती. बाकी काही नको होतं. पण ती वाजवायची तर आधी कुणीतरी कागदावर मान्य करायला हवं होतं, की तोल्वानेरा म्हणजे एर्मिनिया होती आणि ती या लोकांकडे कामाला होती.

कंपनीवर खटला तिनंच घातला होता, जिवंत असताना. मान दुखावली तेव्हा. रिंगच्या कडेवर डोक्यावर पडली आणि त्यानंतर कंपनीनं फोन उचलणं बंद केलं. करारात लिहिलं होतं की ती नोकर नाही, स्वतंत्र कलाकार आहे. त्याच करारात हेही होतं की विचारल्याशिवाय दुसरीकडे लढायचं नाही, वजन वाढवायचं नाही, तारखांना नाही म्हणायचं नाही. नाव आणि मुखवटा तिनं कंपनीत जायच्या आधीच घेतला होता, पण नोंदणी कंपनीनं आपल्या नावावर केली. आम्हाला असली नोंदणी असते हेच ठाऊक नव्हतं.

मानेला पट्टा बांधून ती टीव्हीसमोर बसली होती, तेव्हा ही नवी पहिल्यांदा दिसली.

"डाव्या पायानं रिंगमध्ये चढते ही," एर्मिनिया म्हणाली. "मी उजव्यानं चढते. लोकांना दिसत नाही का?"

आमच्या वकील सुलेमा आरियागा. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी समजावलं, की आधी तडजोड केंद्रात जावं लागतं, तिथं नाही जमलं तर कामगार न्यायालय. एर्मिनियानं चांगला ब्लाउज आणि काळा स्कर्ट घातला. पेट्रोलपंपामागे गाडी थांबवून मी तिच्या मुखवट्याची दोरी बांधली, नेहमीसारखी, आणि आम्ही आत गेलो.

टेबलामागच्या माणसानं ओळखपत्र मागितलं. तिनं दिलं. त्यानं फोटो बघितला, मग मुखवट्याकडे बघितलं.

"बाई, हे काढावं लागेल."

"नाही काढता येणार."

"बंद खोलीत काढा. मी आणि समोरचे वकील, एवढेच."

"समोरचे वकील कंपनीचेच ना?"

कंपनीचे वकील बेर्लांगा राजधानीहून आले होते. सभ्य माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. ते म्हणाले, "ओळखपत्रावरच्या बाईंबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्या इथं हजर दिसत नाहीत. आणि हा मुखवटा आमच्या कंपनीचा आहे, तेव्हा तो घालून बसलेल्या व्यक्तीवर आम्हाला वेगळा दावा लावता येईल."

टेबलामागच्या माणसानं लिहिलं: तक्रारदार गैरहजर.

येताना गाडीत तिनं मानेचा पट्टा सैल केला. मग म्हणाली, "म्हाताऱ्या, सकाळपासून त्या खुर्चीत बसून ढुंगण दुखतंय, आणि म्हणे मी आलेच नव्हते."

"काढला असतास तर काय झालं असतं?"

"नाव त्यांनी घेतलं. कापड त्यांनी घेतलं. तोंड तेवढं माझं राहिलंय. ते रिंगमध्ये हरेन तेव्हा देईन."

वकीलबाईंनी पुन्हा अर्ज करून प्रकरण न्यायालयात नेलं. तारखा पडत गेल्या. मग एर्मिनियाच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते मानेचं नव्हतं. फार दिवस लागले नाहीत. पेटीत तिला तिचा पहिला मुखवटा घातला, तिच्या बहिणीनं शिवलेला, आणि झाकण बंद ठेवलं.

खटला वारस म्हणून मला पुढे चालवता येत होता. वकीलबाई म्हणाल्या, "काका, आता तर पुरावा लागणारच. कुणीतरी शपथेवर सांगायला हवं."

मी कूकाला विचारलं. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून कॉफी ढवळत राहिली.

"भाऊजी, रक्त मागा, देते. पण दुसरीच्या मुखवट्याखाली कोण आहे हे मी बोलणार नाही. मुखवटा रिंगमध्ये जातो. कोर्टात गेलेला मी अजून ऐकला नाही."

"ती मेली आहे, कूका."

"मुखवटा नाही हरली पण."

मला तिचा राग आला नाही. वकीलबाईंना आला. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे तिच्याच बाजूचे ना? मग तिच्या विरुद्ध असल्यासारखे का वागता?"

माझ्या मोबाइलमध्ये एक फोटो होता. मुलगी मोंतेरेहून आली होती तेव्हा तिनं गमतीनं काढलेला. एर्मिनिया ओट्याशी उभी राहून मिरच्या चिरतेय, मुखवटा कपाळावर सरकवलेला, दोरी मोकळी लोंबतेय, तोंड पूर्ण दिसतंय. वकीलबाईंनी तो बघितला आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"काका, हा दिला की संपलं."

"हा बेर्लांगांच्या फायलीत जाणार?"

"प्रत द्यावी लागते."

"मग टीव्हीवर येणार."

"ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना.

मी थकलो होतो. रिकाम्या घरात दर गुरुवारी आपल्या बायकोचं नाव पुकारलं जाताना ऐकायचं, शेजारी टाळ्या वाजवतात ते ऐकायचं. फोटो द्यायचा असं मी ठरवलं. सुनावणीच्या सकाळी मोबाइल शर्टाच्या खिशात घातला आणि जिना चढलो.

त्या दिवशी बेर्लांगा एकटे आले नव्हते. त्यांच्या मागून ती आली. साधी पँट, पांढरा शर्ट, आणि वाळूच्या रंगाचा मुखवटा. मी बाक धरला. चालणं वेगळं होतं, खांदे वेगळे होते, तरीही धरला.

बेर्लांगा न्यायाधीशबाईंना म्हणाले, "अर्जदारांच्या म्हणण्यानुसार तोल्वानेरा यांचं निधन झालं. तोल्वानेरा इथं उभ्या आहेत. त्या आमच्या वतीनं साक्ष देतील. अर्जदारांच्या पत्नी दुसऱ्या कुणी होत्या, आम्हाला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. सकाळपासून त्यांच्यासमोर बरंच काही येऊन गेलं असावं.

"साक्षीदाराची ओळख पटवून घ्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "मुखवटा काढा."

"ओळखीची हमी कंपनी देते," बेर्लांगा म्हणाले.

"तडजोड केंद्रातल्या नोंदीत तुमचंच म्हणणं आहे वकीलसाहेब. मुखवट्यातली व्यक्ती हजर धरता येत नाही. की आता बदललं?"

"नाही, बदललं नाही. बंद दाराआड काढतील त्या."

"चालेल. सगळ्यांना बाहेर काढते."

मुखवट्यातली मुलगी तशीच उभी. बेर्लांगा तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. मग पुन्हा बोलले, जरा जास्त वेळ. ती मान हलवत राहिली.

"नाही काढणार," ती न्यायाधीशबाईंना म्हणाली. आवाज कोवळा होता, कोरड्या नदीपलीकडच्या गोमेस पालासिओचा हेल. "हा मुखवटा आजवर कुणी काढलेला नाही बाई. माझ्या वेळेला निघाला असं व्हायला नको."

"इथं कुस्ती नाही चाललेली, पोरी."

"म्हणूनच."

खोलीत मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी टंकलेखकाकडे बघायला जरा वेळ घेतला. मग म्हणाल्या, "लिहा. साक्षीदार गैरहजर."

मुलगी त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

मग त्या आमच्याकडे वळल्या. "अर्जदारांकडे आणखी काही पुरावा आहे?"

वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. माझा हात खिशावर होता. मी त्या मुलीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर भिंतीकडे बघत होती, हनुवटी वर. मानेवर घामानं दोरी ओली झाली होती. इतक्या लोकांसमोर, पोटाचा प्रश्न असताना, तिनं जे झाकून ठेवलं, ते मी एका फोटोनं उघडं करणार होतो. फोटो एर्मिनियाचा होता, पण मुखवटा आता दोघींचा होता.

"नाही," मी म्हणालो. "आणखी काही नाही."

वकीलबाईंनी डोळे मिटले. पुढची तारीख पडली.

बाहेर बेर्लांगा खिडकीशी जाऊन फोनवर बोलायला लागले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा चढला होता. मुलगी माझ्याजवळून जाताना थांबली. ओठ फारसे न हलवता म्हणाली, "काका, दोरी खालून वर बांधायची की वरून खाली? माझी सैल पडते."

"खालून वर," मी म्हणालो. "शेवटची गाठ आत खुपसायची. नाहीतर समोरची ओढते."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

जिना उतरताना वकीलबाई म्हणाल्या, "काका, कायद्यानं आज त्या खोलीत दोन्ही तोल्वानेरा गैरहजर होत्या."

"तुम्ही रागावलात."

"रागावले. पण पुढच्या तारखेला येईन." त्यांनी फायली छातीशी धरल्या होत्या. "ती पोरगी माझ्याकडे येईल बघा. तिच्याही करारात तेच लिहिलेलं असणार."

काही दिवसांनी, रविवारी सकाळी, कूकाचा फोन आला. नदीपलीकडे तिची तालीम आहे, जुन्या कापसाच्या गोदामात.

"भाऊजी, कूलर गळतोय. या."

मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. आत तीसेक माणसं रिंगभोवती उभी होती. काही कंपनीत लढणारे, काही सोडलेले, काही म्हातारे. पुरुष होते, बायका होत्या. कुणी मुखवट्यात, कुणी घरच्या कपड्यात, बाजारातून आल्यासारखे. त्यांनी मला पुढे जागा करून दिली. माइक नव्हता, पोस्टर नव्हतं. नावही कुणी पुकारलं नाही, त्यामुळे कंपनीला नोटीस पाठवायला जागा नव्हती.

कूकानं रिंगच्या कोपऱ्यातली घंटा हातोडीनं वाजवली. ठोक्यांमध्ये ती जरा जरा थांबत होती. सातव्या ठोक्याला तिनं हातोडी दुसऱ्या हातात घेतली, बहुतेक त्याच खांद्यामुळे. दहा झाल्यावर टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या. पत्र्याच्या छपराखाली त्या फार मोठ्या वाटत होत्या.

समोर पाच-सहा तरुण मुली उघड्या तोंडानं उभ्या होत्या. त्यांच्यात ती नवी तोल्वानेरा असेल. कोणती, ते मला माहीत नाही. मी शोधलंही नाही. मी मान वळवून कूलरकडे बघत राहिलो.

तो खरंच गळत होता. पंपाजवळची नळी फाटली होती. ती बदलली, पाणी भरलं, सुरू करून बघितला आणि घरी आलो.