ब्युरेटचं दुसरं रीडिंग

भाविकाची उंची बेताची आणि लॅबमधली ब्युरेट उंच स्टँडला. खुणांची ती लांब काचेची नळी, खाली चावी. पाण्याची पातळी नजरेसमोर आणूनच वाचायची. मान वर करून खालून बघितलं की आकडा चुकलाच म्हणून समजा. अकरावीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला भाविका स्टुलावर चढायला गेली, तर मनस्वी म्हणाली, "पडशील गं. मी हाय ना, मी सांगते."

झालं, तेव्हापासून तेच. उंच मनस्वीने आकडा सांगायचा, भाविकाने लिहायचा आणि गणित करून दोघींचं उत्तर काढायचं. कोपरखैरण्याच्या एकाच गल्लीत वाढलेल्या पोरी, एकीचा डबा दुसरीने संपवायचा. तिथे आकड्यावर कोण संशय घेतंय?

मग प्रयोगांची आंतरशालेय स्पर्धा आली. जाणार एकच. भाविकाचा सगळा जीव त्यात अडकला होता, आणि आईने तर अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं होतं. निवडीसाठी जयप्रकाश सरांनी काम दिलं अगदी साधं. प्रत्येक टेबलावरच्या ब्युरेटमधून ते स्वतः थोडं पाणी सोडणार. सोडण्याआधीचा आणि नंतरचा आकडा ज्याने त्याने आपल्या कागदावर लिहायचा. स्टूल कोपऱ्यातच होतं. पण सर वळले की मनस्वी हळूच आकडा सांगत होती, आणि ही बावळट पोरगी नेहमीसारखी लिहीत होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी भाविकाला बोलावलं.

"नळीत पाणी मधे खोलगट असतं, कडेला काचेवर चढतं. वाचायचा तो खोलगटाचा तळ. हे तुला सांगायला हवं? बरं, दोन्ही वेळा कड वाचली असतीस तरी वजाबाकीत चूक निघून गेली असती. तू आधी तळ वाचलास आणि नंतर कड. असं कसं केलंस?"

भाविका सांगणार काय, आकडे माझे नव्हतेच म्हणून? निवड मनस्वीची झाली. सरांनी तिचा कागद दाखवला, त्यावर दोन्ही आकडे तळाचेच होते.

नजरचूक असती तर दोघींच्याही कागदावर झाली असती. तळ बघून कड सांगायची, याला चूक म्हणत नाहीत.

गेटपाशी भाविकाने मनस्वीला गाठलं. "दुसरं रीडिंग मुद्दाम चुकीचं दिलंस ना?"

मनस्वी आधी टेन्शनचं कारण देऊन बघू लागली, मग पायाशी बघत म्हणाली, "तू दरवेळी पुढे असतेस. एकदा मला जायचं होतं."

"मग मला सांगायचंस," भाविका म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला आणि त्याचाच तिला राग आला.

पुढच्या प्रॅक्टिकलला मनस्वीने जणू काही झालंच नव्हतं अशा थाटात आकडा सांगितला. भाविकाने पेन खाली ठेवलं, स्टूल ओढलं, चढली आणि नजर पाण्याच्या तळाशी आणली.

आकडा बरोबर होता. अगदी मनस्वीने सांगितला तोच.

चुकीचा निघाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आता हिचं खरंसुद्धा तपासून घ्यावं लागणार होतं. तिने आकडा लिहिला आणि स्टूल आपल्या बाजूलाच ठेवून दिलं.